गराजचा ओपनर बदलायचाय: बेल्ट, चेन की भिंतीवरचा?

रारीटनकाठ
मध्य न्यू जर्सीतलं १९९८ सालचं घर. गराज घराला जोडलेलं, दोन गाड्यांचं, पण दार एकच: १६ फूट बाय ७ फूट, स्टीलचं, इन्सुलेटेड. दारावरच्या दांड्यावर दोन टॉर्शन (पीळ भरलेल्या) स्प्रिंगा. ओपनर, म्हणजे दार उघड-बंद करणारं मोटरचं मशीन, चेनवाला, अर्ध्या हॉर्सपॉवरचा, घराबरोबरच बसवलेला. आता बटण दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो, चेन मात्र जागची हलत नाही.

गराजच्या बरोबर वर बेडरूम आहे, त्यामुळे आवाज कमी हवा. दुकानात अर्धा, पाऊण, सव्वा हॉर्सपॉवर अशी उतरंड लावलेली आहे. पुढे बेल्ट, चेन, भिंतीवरचा, कॅमेरावाला असे प्रकार. १६ फुटी दाराला ताकद किती लागते? बेल्ट टिकतो का? भिंतीवरच्यासाठी जास्त पैसे मोजावेत का? आणि घरच्या घरी बसवता येतो का?

पाना_पक्कड
ओपनर राहू दे, आधी दार तपासा.

दार पूर्ण बंद असताना लाल दोरी खाली ओढा, म्हणजे ट्रॉली (दाराला ओढणारा सरकता भाग) सुटते. आता दार हाताने उचला. एका हाताने, फार तर आठ-दहा पौंडांचा जोर लावून वर गेलं पाहिजे. कमरेच्या उंचीवर आणून हळूच सोडा. तिथेच तरंगत राहिलं तर स्प्रिंगा ठीक. धाडकन खाली आलं तर स्प्रिंगा ढिल्या पडल्यात किंवा एखादी तुटली आहे. आपोआप वर पळालं तर ताण जास्त आहे. ही तपासणी दार उघडं असताना सुरू करू नका. स्प्रिंग तुटलेली असेल आणि तुम्ही दोरी ओढलीत, तर दीड-दोनशे पौंडांचं दार थेट खाली येईल.

दाराचं वजन स्प्रिंगा पेलतात. ओपनर ते फक्त पुढे-मागे सरकवतो. म्हणून तोललेल्या १६ फुटी स्टीलच्या दाराला अर्धा हॉर्सपॉवर पुरतो आणि न तोललेल्या दाराला सव्वासुद्धा पुरत नाही.

तुमच्या जुन्या मशीनचं दुखणं बहुधा गिअरचं आहे. अनेक चेनवाल्या ओपनरमध्ये मोटरच्या धातूच्या वर्मवर (आटे असलेल्या दांड्यावर) नायलॉनचा गिअर फिरतो आणि त्याचे दाते झिजतात. झाकण काढून बघा, आत पांढरा प्लास्टिकचा भुसा सांडलेला दिसेल. मोटर फिरते आणि वरचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) स्थिर राहतं, ही त्याची खूण. मोटर न फिरता नुसती गुणगुणून थांबत असेल तर कपॅसिटर गेलाय. दोन्ही भाग स्वस्तात मिळतात. पण गिअर झिजला कशाने, हे शोधा. बहुतेक वेळा दार जड झालेलं असतं आणि बिचारा नायलॉन त्याची किंमत मोजतो. तोल न सुधारता नवा ओपनर टांगलात तर त्याचंही तेच होणार.

बाहुबळ
ताकद जास्त असेल तर बिघडतं कुठे? १६ फुटी दार, वर इन्सुलेशन. सरळ सव्वा हॉर्सपॉवर घ्या, मोटरला दमछाक नाही.

पाना_पक्कड
बिघडतं ते असं. दार अडकलं की ओपनरने थांबायला हवं. ताकदवान मोटर दामटून ओढत राहिली तर पहिल्यांदा वरचा पॅनल वाकतो. दाराला जुनी सरकती कडी असेल आणि कुणी ती आतून लावून ठेवली असेल, तर पत्रा फाटलाच समजा. लाकडी भरीव दार, मोठ्या काचांचं दार किंवा १८ फुटी दार असेल तर जास्त ताकद योग्य. एरवी नाही.

आणखी एक गोष्ट. डीसी मोटरच्या खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा बऱ्याचदा ‘इतक्याच्या बरोबरीचा’ असा असतो. एसी मोटरच्या आकड्याशी त्याची सरळ तुलना करता येत नाही. त्यापेक्षा हळू सुरू होणं आणि हळू थांबणं आहे का ते पाहा. डीसी मोटरमध्ये ते मिळतं. वर बेडरूम असेल तर त्याचा उपयोग ताकदीपेक्षा जास्त.

रारीटनकाठ
तपासलं. कमरेपाशी सोडलं की दार सावकाश खाली येतं, आपटत नाही. स्प्रिंगा मूळच्याच आहेत.

पाना_पक्कड
मग स्प्रिंगा आधी, ओपनर नंतर. साधी टॉर्शन स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तरी सात वर्षांच्या आत हिशेब संपतो. तुमच्या १९९८च्या आहेत, म्हणजे वापर कमी झाला असणार. दोन्ही एकदम बदला. एकच बदलली तर दुसरी काही महिन्यांत जाते आणि कारागिराला यायचे पैसे पुन्हा द्यावे लागतात. २५,००० फेऱ्यांची स्प्रिंग मागितली तर थोडेच जास्त पडतात.

बदलणाऱ्याने माप नीट घेतलं का, हे तुम्हालाही पडताळता येतं. ताण उतरवलेल्या स्प्रिंगचे २० वेढे एकमेकांना चिकटलेले असताना लांबी मोजायची आणि २०ने भागायची. ५ इंच भरले तर तार पाव इंच जाडीची. शिवाय आतला व्यास आणि एकूण लांबी. ही तीन मापं जुळली नाहीत तर दार पुन्हा जड किंवा हलकं होणार.

बाहुबळ
स्प्रिंग घरी बदलायचे व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन सळया आणि अर्धा दिवस.

हिमगौरी
व्हिडिओ आहेत, मान्य. पण ७ फुटी दाराच्या टॉर्शन स्प्रिंगला साधारण साडेसात फेरे पीळ भरलेला असतो. स्प्रिंगच्या टोकाच्या शंकूसारख्या तुकड्यावरचे स्क्रू सैल केले की तो सगळा पीळ हातातल्या सळीवर येतो. सळीच्या जागी लोक स्क्रूड्रायव्हर घालतात, तो निसटतो आणि मनगट किंवा जबडा मोडतो. या कामाला कारागीर बोलवा. ओपनर बसवणं मात्र घरी करण्यासारखं आहे.

शेवंती
माझा वेगळा प्रश्न याच धाग्यात विचारते. टाउनहाउस, एका गाडीचं ९ फुटी दार. स्प्रिंगा दारावर नाहीत, दोन्ही बाजूंच्या आडव्या ट्रॅकच्या वर लांब ताणलेल्या आहेत. दार आणि छत यांच्यात जागाही फार कमी. मला भिंतीवरचा चालेल का? त्याला छतावर जागा लागत नाही असं वाचलं.

बे_एरियातला
नाही चालणार. तुमच्याकडे एक्स्टेन्शन स्प्रिंगा आहेत. भिंतीवरचा ओपनर दारावरचा टॉर्शनचा दांडा फिरवतो, आणि तुमच्याकडे तो दांडाच नाही. तुमच्यासाठी साधा रेलवाला, म्हणजे छताखालच्या लांब पट्टीवरून दार ओढणारा, ठीक. दार वर जाताना ज्या सर्वांत उंच बिंदूला पोचतं, त्याच्या वर साधारण २ इंच मोकळे असले की रेल बसते. दार हाताने हळूहळू वर नेऊन तो बिंदू मोजा. बंद दाराच्या वरच्या कडेपासून मोजलंत तर फसाल, कारण वळणावर दार त्याच्याहून वर जातं.

आणि प्रत्येक स्प्रिंगच्या आतून सुरक्षेची वायर गेली आहे का ते आजच बघा. नसेल तर तुटलेली स्प्रिंग गराजभर उडते.

रारीटनकाठ, तुमच्याकडे दांडा आहे, म्हणून तुम्हाला भिंतीवरचा चालू शकतो. अटी अशा: दांडा १ इंची हवा. त्याच्या एका टोकाबाहेर भिंतीशी आठ-नऊ इंच मोकळी जागा हवी. जवळ प्लग हवा. फायदे खरे आहेत. छत मोकळं होतं, बेडरूमखालच्या जोइस्टला (छताच्या लाकडी तुळईला) काहीच टांगलेलं राहत नाही, आणि बऱ्याच मॉडेलांबरोबर ट्रॅकमध्ये घुसणारं वेगळं कुलूप मिळतं.

तोटा विक्रेते सांगत नाहीत. रेलवाला ओपनर दार खाली ढकलू शकतो. भिंतीवरचा ढकलत नाही, तो फक्त दाराला धरणारी केबल सोडत जातो आणि दार स्वतःच्या वजनाने उतरतं. रोलर घट्ट झाले, ट्रॅक वाकला किंवा स्प्रिंगांचा ताण जास्त असला, की दार वरच अडतं आणि केबल सैल पडून ड्रमवरून (दांड्याच्या टोकाला केबल गुंडाळणाऱ्या चाकावरून) उतरते. त्यासाठी केबलवर ताण तपासणारा एक छोटा सेन्सर लावावा लागतो. कंटाळा करून तो वगळू नका. थोडक्यात, दार उत्तम स्थितीत असेल तरच भिंतीवरचा. किंमत बेल्टवाल्याच्या दीड-दोन पट.

रारीटनकाठ
आवाजाच्या दृष्टीने बेल्ट आणि भिंतीवरचा यांत फरक किती?

हिमगौरी
चेन ते बेल्ट हा फरक मोठा. बेल्ट ते भिंतीवरचा हा लहान. पण निम्मा आवाज ओपनरचा नसतोच, तो दाराचा असतो. स्टीलचे रोलर काढून बेअरिंग असलेले नायलॉनचे टाका. १६ बाय ७च्या चार पॅनलच्या दाराला साधारण १० ते १२ लागतात. अगदी खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटला मात्र हात लावू नका. तिथे केबल अडकवलेली असते आणि ती स्प्रिंगच्या पूर्ण ताणाखाली असते. ते दोन रोलर स्प्रिंगवाल्याकडूनच बदलून घ्या, तो ताण उतरवणारच आहे.

बिजागऱ्या, बेअरिंग आणि स्प्रिंगांना लिथियमचा किंवा सिलिकॉनचा फवारा वर्षातून दोनदा. निळ्या डब्यातला नेहमीचा गंज सोडवणारा फवारा वंगण म्हणून टिकत नाही, उलट आधीचं ग्रीस धुऊन काढतो. ट्रॅकला काहीही लावायचं नाही, फक्त पुसायचा. बेल्टलाही काही लावायचं नाही.

बेल्ट टिकण्याबद्दल: आत स्टीलच्या किंवा काचेच्या तंतूंचं जाळं असतं, तोललेल्या दारावर तो सहज टिकतो. स्क्रूवाले ओपनर अजून दिसतात, पण मिनेसोटासारख्या थंडीत त्यांचं ग्रीस आखडतं. आपण उत्तरेतल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

थंडीचंच आणखी एक. जानेवारीत दाराखालचं रबर जमिनीला गोठून चिकटतं. दार उघडत नाही म्हणून लोक ओपनरचा जोर वाढवतात. मग रबर तरी फाटतं नाहीतर वरचा पॅनल वाकतो. आणि उन्हाळ्यात तोच वाढवलेला जोर दाराखाली काही आलं तरी थांबत नाही. हिवाळ्याआधी रबराला सिलिकॉन पुसा, उंबऱ्यावर पाणी साठू देऊ नका. जोराला हात लावू नका.

रारीटनकाठ
ठरलं, बेल्ट आणि डीसी मोटर. आता बसवण्याबद्दल सांगा.

पाना_पक्कड
स्प्रिंगा बदलून झाल्या आणि तोल पुन्हा तपासला, असं धरतो. दाराची जुनी दोरी आणि कडी काढून टाका.

खरेदीच्या वेळी रेल कितीची ते बघा. खोक्यातली सहसा ७ फुटी दारासाठी असते, तुम्हाला ती बरोबर. ८ फुटी दाराला लांबीचा जोड वेगळा घ्यावा लागतो. अखंड किंवा कमी जोडांची रेल मिळाली तर उत्तम. पाच तुकड्यांची रेल जोडांवर झोल खाते आणि आवाज करते.

दाराच्या मधोमध उभी रेघ आखा आणि ती वर भिंतीपर्यंत न्या. दार ज्या सर्वोच्च बिंदूला पोचतं त्याच्या २ इंच वर हेडर ब्रॅकेट, म्हणजे रेलचं दाराकडचं टोक धरणारा तुकडा. तो स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडात) किंवा आडव्या २ बाय ६च्या लाकडात लॅग स्क्रूने घट्ट बसला पाहिजे. नुसत्या ड्रायवॉलमध्ये लावलेला ब्रॅकेट उपटून येतो. जुन्याची जागा तीच असेल तर भोकं ढिली झालीत का बघा.

मोटरचं डोकं जोइस्टला छिद्रांच्या कोनपट्टीने टांगतात. तिथे आडवी एक आणि तिरकी एक पट्टी द्या, नाहीतर सुरू होताना डोकं डुलतं. वर बेडरूम आहे, म्हणून पट्टी आणि जोइस्ट यांच्यामध्ये कंप अडवणारे रबराचे आयसोलेटर घाला. दहा-वीस डॉलरचं काम, पण बेल्टवर खर्च केलेल्या पैशांचं चीज याने होतं.

दाराकडची बाजू बहुतेक जण टाळतात. पातळ स्टीलच्या दारात ओपनरचा हात थेट वरच्या पॅनलच्या पत्र्यावर लावला तर काही वर्षांत तिथे चीर पडते. दार बनवणाऱ्या कंपनीचा ओपनर ब्रॅकेट मिळतो, तो लावा. १६ फुटी दाराला वरच्या पॅनलवर पूर्ण रुंदीची आडवी पट्टी, म्हणजे स्ट्रट, असलाच पाहिजे.

विजेचं: प्लग छतावर मशीनपासून हाताच्या अंतरावर हवा आणि जीएफसीआय संरक्षण (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं) हवं. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नाही. भिंतीवरचं बटण जमिनीपासून किमान ५ फूट उंच, दार दिसेल अशा जागी, लहान मुलांचा हात पोचणार नाही असं. जुनं दिवा-कुलूपवालं पॅनल नव्या मशीनला सहसा चालत नाही, खोक्यातलं वापरा.

वायरीवाला
दाराच्या दोन्ही बाजूंच्या डोळ्यांबद्दल मी लिहितो: एक किरण सोडतो, दुसरा घेतो, आणि मध्ये काही आलं की बंद होणारं दार परत फिरतं. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती ओपनरना अमेरिकेत अडकण्यापासूनचं वेगळं संरक्षण सक्तीचं आहे, म्हणून बाजूचे ते दोन फोटोसेन्सर. जमिनीपासून ६ इंचांपेक्षा वर लावायचे नाहीत. छताला शेजारी-शेजारी चिकटवलेले सेन्सर दिसतात काही घरांत. ते संरक्षण नव्हे, नाटक आहे.

जुने सेन्सर नव्या मशीनला जोडू नका, वायर धड असेल तर ती ठेवता येते. दार उघडतं पण बंद होताना परत फिरतं आणि दिवा मिचकावतो, अशा वेळी नव्वद टक्के प्रश्न इथेच असतो. काचेवर कोळ्याचं जाळं, धक्क्याने हललेला ब्रॅकेट किंवा स्टेपलने चेपलेली वायर. ठरावीक वेळीच होत असेल तर ऊन. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गराजात संध्याकाळचं ऊन घेणाऱ्या डोळ्यात शिरतं. दोघांची बाजू अदलाबदल करा, घेणारा सावलीत येईल. तोवर दार बंद करायचं तर भिंतीवरचं बटण दाबून धरून ठेवा, बहुतेक मशीन त्यावर दार बंद करतात. दार नजरेसमोर ठेवूनच.

बसवून झाल्यावर आणि पुढे दर महिन्याला: २ बाय ४ लाकडाचा तुकडा दाराच्या मध्याखाली आडवा ठेवा, म्हणजे दीड इंच उंची. दार त्याला टेकून लगेच परत वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर आधी खालची मर्यादा, मग जोर जुळवा.

एक लहान पण छळणारी गोष्ट. रिमोट जवळ आल्याशिवाय चालेनासा झाला तर ओपनरमधले दिवे काढून बघा. स्वस्त एलईडी दिव्यांच्या आतलं सर्किट ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं आणि रिमोटही तिथेच बोलतो. दिवे काढल्यावर पल्ला वाढला तर गराजसाठी बनवलेले एलईडी घ्या.

शेवंती
वीज गेली तर? बॅटरीवाला घ्यावा का?

बे_एरियातला
कॅलिफोर्नियात विचारायची सोयच नाही. १ जुलै २०१९ पासून नवा किंवा बदललेला घरगुती ओपनर बॅटरीसकटच बसवावा लागतो. २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर गराजचं दार उघडता न आल्याने माणसं अडकून दगावली, त्यानंतर तो कायदा आला. इतरत्र घ्यायचं की नाही ते तुमच्यावर, पण घरातल्या वृद्ध माणसाला दार हाताने उचलता येणार नसेल तर घ्याच. बॅटरी सहसा १२ व्होल्टची असते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. ती संपली की मशीन बीप करत राहतं, लोकांना ते बिघाड वाटतं.

गराज घरापासून सुटं असेल आणि त्याला दुसरं दार नसेल, तर बाहेरून किल्लीने ट्रॉली सोडवायचं कुलूप बसवून घ्या.

रारीटनकाठ
फोनवरून उघडणारा घ्यावा का? गाडीत आरशावर बटणं आहेत, ती जुळतील का?

वायरीवाला
फोनचा खरा उपयोग ‘दार उघडं राहिलं का’ हे कळणं एवढाच. आपोआप बंद होण्याचा टायमर वेगळा असतो, त्याला फोन लागत नाही. घरच्या ऑटोमेशनला जोडायचा विचार असेल तर नीट बघून घ्या. २०२३च्या शेवटी ओपनर बनवणाऱ्या चेंबरलेन कंपनीने आपल्या मायक्यू या फोनवरच्या सेवेची दारं बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी बंद केली आणि होम असिस्टंट या घरच्या ऑटोमेशनच्या प्रोग्रॅमने तो जोड काढून टाकला. तेव्हापासून अनेक जण कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून न राहता ओपनरच्या भिंतीवरच्या बटणाच्या तारांवर छोटा स्थानिक बोर्ड लावतात.

गाडीचं: लिफ्टमास्टर-चेंबरलेन घेतलात तर मशीनवरच्या लर्न बटणाचा (नवा रिमोट शिकवायच्या बटणाचा) रंग बघा. पिवळं म्हणजे साधारण २०११नंतरची सांकेतिक पद्धत, आणि त्याआधीच्या गाड्यांच्या आरशातली बटणं तिच्याशी बहुतेक वेळा थेट बोलत नाहीत. मधला ब्रिज (दोन्ही पद्धती जुळवणारं छोटं यंत्र) घ्यावा लागतो किंवा साधा रिमोट सन-व्हायजरला लावायचा. गाडी नवी असेल तर आधी रिमोटने आरशातलं बटण शिकवा, मग शिडीवर चढून लर्न दाबा आणि ३० सेकंदांच्या आत गाडीत येऊन तेच बटण दोन-तीनदा दाबा. एकट्याने धावपळ होते, शिडीवर दुसरं कुणी ठेवा.

तिसरा_मजला
विषयांतर करतो. पुण्यात बाबांच्या बंगल्याच्या फाटकाला हाच बेल्टवाला इथून नेऊन लावता येईल का?

वायरीवाला
नाही. हा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा, आणि पॅनल जोडून केलेल्या, वर सरकणाऱ्या दारासाठीचा. सरकत्या फाटकाला खाली दातेरी पट्टी आणि जमिनीवर बसणारी मोटर लागते, तीही फाटकाच्या वजनावरून निवडायची. २३० व्होल्टची पुण्यातच मिळते, आणि सुटे भाग तिथे मिळणं जास्त महत्त्वाचं. गराजला लोखंडी शटर असेल तर त्याची मोटर आणखी वेगळी. वेगळा धागा काढा, फाटकाची लांबी, वजन आणि उतार लिहा.

रारीटनकाठ
जुन्या घरमालकांचे दोन रिमोट कुठे आहेत माहीत नाही. नव्या मशीनला ते चालणार नाहीत ना?

वायरीवाला
चालणार नाहीत, नवं मशीन फक्त तुम्ही शिकवलेलेच रिमोट ओळखतं. पुढे एखादा रिमोट हरवला तर लर्न बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरा, साधारण ६ सेकंद. सगळे रिमोट आणि कीपॅड पुसले जातात, मग हातात आहेत तेवढे पुन्हा शिकवायचे. गाडीचं बटणही त्यात आलं.